सॉल्व्हंट रूमचं वायरिंग: ‘सगळं एफएलपी टाकलं’ म्हणजे काम झालं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीत छपाईची शाई आणि थिनर बनवणारं छोटं युनिट. टोल्युइन, इथाइल ॲसिटेट आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ही सॉल्व्हंट ड्रममधून येतात आणि मिक्सरमध्ये जातात. सॉल्व्हंट रूम वाढवायची आहे. कंत्राटदार म्हणतो, ‘सगळं एफएलपी टाकतो, सर्टिफिकेट देतो, टेन्शन घेऊ नका.’ एफएलपी म्हणजे फ्लेमप्रूफ, आतली ज्वाळा बाहेर न जाऊ देणारं विजेचं सामान. मालकांना जुन्या शेडमधल्या एफएलपी फिटिंग काढून इथे लावायच्या आहेत, तेवढाच खर्च वाचेल म्हणून. मेंटेनन्स तुमच्याकडे आहे आणि कामावर सही तुम्हाला करायची आहे. तर बघायचं काय?

आधी मुद्द्याचं सांगतो. सर्टिफिकेट हे कारखान्यातून निघालेल्या बॉक्सचं असतं. तुमच्या भिंतीवर चढल्यावर, त्यात केबल घातल्यावर आणि दोन पावसाळे खाल्ल्यावर तो बॉक्स फ्लेमप्रूफ उरला आहे का, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत एमआयडीसीत मी जी कामं तपासतो, त्यांत बॉक्स खोटा निघणं क्वचितच. गडबड असते ती ग्लँडमध्ये (केबल बॉक्समध्ये शिरते तिथे तिला घट्ट पकडणारा भाग), झाकणाच्या फेसवर (बॉक्सला टेकणाऱ्या धातूच्या कडेवर), गायब झालेल्या बोल्टमध्ये आणि प्लॅस्टिकच्या बुचाने बंद केलेल्या भोकात. म्हणून मी जास्त त्यावरच लिहिणार आहे. पण त्याआधी दोन गोष्टी मार्गी लावायला हव्यात.

पहिली, वाफ कुठे असते ती. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडालं तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास वाफ होते. हवेत ही वाफ १.१ टक्का झाली की मिश्रण पेटण्याजोगं होतं. गणित मांडून बघा: सांडलेलं एक लिटर साधारण वीस घनमीटर हवा धोक्याची करू शकतं, म्हणजे १० बाय ८ फुटांची, नऊ फूट उंचीची अख्खी खोली. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रव पेटण्याजोगी वाफ सोडू लागतो तो, टोल्युइनचा ४ अंश सेल्सिअस, इथाइल ॲसिटेटचा उणे ४, आयपीएचा १२. आपल्याकडे बारा महिने, रात्रीसुद्धा, ही तिन्ही पेटण्याजोगी वाफ सोडत असतात. झायलीन वापरत असाल तर त्याचा फ्लॅश पॉइंट २५ ते ३२ च्या दरम्यान आहे. डिसेंबरच्या पहाटे ते थोडं शांत असेल, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली अजिबात नाही.

झोन यावरूनच ठरतात. मिक्सरच्या आत, द्रवाच्या वर जी वाफ कायम असते तो झोन ०. मॅनहोल, ड्रम भरण्याची जागा, पंपाचं सील, जिथे रोजच्या कामात अधूनमधून वाफ येणारच, तो झोन १. त्याच्या पलीकडे, जिथे काही बिघडलं तरच आणि तेही थोडा वेळच वाफ येईल, तो झोन २. आयएस ५५७२ या भारतीय मानकात याच्या आकृत्या आहेत. हे ड्रॉइंग कंत्राटदाराने काढायचं नसतं. प्रॉडक्शन, सेफ्टी आणि इलेक्ट्रिकल असे तिघे मिळून बसा, रोज ड्रम कुठे उघडतात आणि कुठे सांडतं ते त्या कामगारालाच विचारा आणि मग रेषा आखा. ड्रॉइंगशिवाय ‘सगळं एफएलपी’ हे वाक्य ऐकायला सुरक्षित वाटतं, पण त्याला अर्थ नसतो, कारण कुठल्या गॅस ग्रुपचं (वाफेची ज्वाळा किती बारीक फटीतून जाते त्यावरून) आणि कुठल्या टेंपरेचर क्लासचं (पृष्ठभाग किती तापू शकतो त्यावरून) हे त्यात आलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट: जे खोलीबाहेर नेता येईल ते बाहेर न्या. स्टार्टर, पॅनल, लाइटचे स्विच, चार्जिंग पॉइंट, वजनकाट्याचा डिस्प्ले यांतलं खरंच आत काय लागतं? बहुतेक ठिकाणी आत फक्त मोटर, दिवे आणि मोटर बंद करायचं पुश बटन एवढंच लागतं. जे आत नाही ते पेटवू शकत नाही आणि त्याची तपासणीही करावी लागत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम ३७ मध्येही ठिणगीची साधनं शक्य तर दूर ठेवा, नाहीतर नीट बंदिस्त करा असंच अपेक्षित होतं. मालकांना पैसे वाचवायचे आहेत ना, मग ते इथे वाचतात. आठ एफएलपी बॉक्सऐवजी तीन लागले तर पुढच्या दहा वर्षांचं मेंटेनन्सही तिनाचंच.

आता फ्लेमप्रूफ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण निम्मे घोळ चुकीच्या समजुतीतून होतात. बऱ्याच वायरमनना वाटतं की एफएलपी बॉक्स हवाबंद असतो, आत गॅस जातच नाही. तसं नाही. आत गॅस जाणार, एखादे वेळी आतल्या ठिणगीने तो पेटणार आणि आत छोटा स्फोट होणार, हे धरूनच तो बॉक्स बनवलेला असतो. भिंत तो दाब सोसते, आणि झाकण व बॉक्स यांच्या दोन घासलेल्या धातूच्या कडांमधल्या बारीक फटीतून तापलेला वायू बाहेर पडताना इतका थंड होतो की बाहेरची वाफ पेटत नाही. फट असणं ठीक, पण ती ठरलेल्या मापापेक्षा मोठी असता कामा नये. टोल्युइनसारख्या आयआयए ग्रुपच्या वाफेला प्रयोगशाळेत ०.९ मिमीपेक्षा मोठी फट लागते तेव्हा ज्वाळा बाहेर जाते. हायड्रोजन, ॲसिटिलीनच्या आयआयसी ग्रुपला ०.५ पेक्षा कमी पुरते. प्रत्यक्ष बॉक्सवर याहून कितीतरी कमी फट ठेवतात, आणि नेमका आकडा त्या बॉक्सच्या सर्टिफाइड ड्रॉइंगवर असतो. तो मागून घ्या आणि फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, जवळ ठेवा.

एवढं कळलं की पुढचं आपोआप कळतं. झाकणाला आठ बोल्ट असतील तर आठही हवेत, त्याच ग्रेडचे, पूर्ण आवळलेले. चारच लावून ‘उघडायला बरं पडतं’ असं म्हणत ठेवलेलं झाकण स्फोटाच्या दाबाने वाकतं आणि फट उघडते. ॲलन बोल्ट हरवला म्हणून बाजारातला साधा मऊ बोल्ट घालणं म्हणजे तो बोल्ट नसल्यासारखंच. झाकण चिकटलं म्हणून स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटलं की फेसवर जी खाच पडते, ती ज्वाळेला मोकळी वाट. फेसवर रंग नको, गॅस्केट नको, सिलिकॉन नको.

आपल्या भागात सिलिकॉनचाच मोह सगळ्यात मोठा आहे. जून आला की बॉक्समध्ये पाणी शिरतं, फेज अर्थ होतो, लाइन ट्रिप होते, प्रॉडक्शनवाला डोक्यावर बसतो. मग कुणीतरी ट्यूब आणतो आणि फेसवर सिलिकॉनची जाड रेघ ओढून झाकण आवळतो. पाणी थांबतं, पण दोन धातूंच्या मध्ये रबराचा थर बसलेला असतो आणि फेस एकमेकांना टेकलेलेच नसतात. पावसासाठी उपाय वेगळे आहेत: फेसला न वाळणारं, गंज रोखणारं ग्रीस पातळ लावा, बॉक्सवर पत्र्याची छत्री द्या, ग्लँड शक्यतो खालून घ्या आणि बॉक्सला ओ-रिंगची मूळ रचना असेल तर उत्पादकाचीच रिंग बदला. खाडीचं खारं वारं आणि शेजारच्या प्लॉटमधली आम्लाची वाफ या दोन्हींमुळे एलएम-६ च्या ॲल्युमिनियम बॉक्सच्या फेसला बारीक खड्डे पडतात. नखाने चाचपून बघा, खरखर लागली की तो बॉक्स बाजूला काढा. कानस मारून फेस ‘सारखा’ करू नका.

फेसला लागून पाइप, केबल ट्रे किंवा भिंत नसावी हेही पाहा. बाहेर पडणाऱ्या वायूला मोकळी जागा लागते: आयआयए ला १० मिमी, आयआयबी ला ३०, आयआयसी ला ४०. बॉक्स जुना, ट्रे नवीन, आणि ट्रे नेमका फेससमोरून गेलेला, असं बरेचदा दिसतं.

आता ग्लँड. सहीआधी सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘डबल कॉम्प्रेशन ग्लँड’ म्हणजे फ्लेमप्रूफ ग्लँड असा समज पक्का रुजला आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. वेदरप्रूफ डबल कॉम्प्रेशन ग्लँड पाणी अडवतो. ज्वाळा अडवण्याची चाचणी ज्याची झाली आहे तो ग्लँड वेगळा, आणि त्याच्या अंगावर ‘एक्स डी’ची, म्हणजे फ्लेमप्रूफची, खूण आणि सर्टिफिकेट नंबर कोरलेला असतो. खूण दिसली नाही तर तो ग्लँड काढायला लावा, कंत्राटदार काहीही म्हणो.

खूण असली तरी काम संपत नाही. त्याला एक ग्लँड तुमच्यासमोर उघडायला सांगा. आतली रबराची रिंग केबलच्या आतल्या आवरणावर घट्ट बसली आहे का ते पाहा. ग्लँड एक साइझ मोठा आणला आणि ढिलाई भरायला काळी टेप गुंडाळली, हा प्रकार सर्रास चालतो. टेप उष्णतेने मऊ होते, सुटते आणि तिथून वाट तयार होते. केबलही बघूनच घ्या. आपल्याकडच्या आयएस १५५४ मध्ये आतलं आवरण एक्स्ट्रुडेड (दाबून सलग चढवलेलं) किंवा टेप गुंडाळलेलं, दोन्ही चालतं. धोक्याच्या जागेसाठी ऑर्डरवर स्पष्ट लिहा: एक्स्ट्रुडेड इनर शीथ, केबल गोल आणि आतून भरीव. गुंडाळलेल्या आवरणाच्या केबलमध्ये कोअरच्या मधल्या पोकळ्या राहतात, आणि दाबाखाली गॅस त्या पोकळीतून ग्लँडला वळसा घालून निघून जातो. अशा ठिकाणी कंपाउंड भरलेला बॅरियर ग्लँड लागतो. तो महाग आहे आणि नीट भरायला वेळ लागतो, म्हणून केबलच नीट मागवलेली बरी.

मग आटे. बॉक्सचं भोक मेट्रिक एम-२० असतं आणि ग्लँड पाऊण इंची ईटी थ्रेडचा येतो. दोघांचे व्यास आणि पिच जवळपास आहेत, पण एक नाहीत. ग्लँड थोडे आटे जातो, अडकतो आणि फिटरला वाटतं घट्ट बसला. प्रत्यक्षात आटे एकमेकांत नीट शिरलेलेच नसतात. किमान पाच पूर्ण आटे गुंतले पाहिजेत, तेही एकाच जातीचे. रिड्युसर लागलाच तर सर्टिफाइड आणि एका भोकाला एकच. रिड्युसरवर रिड्युसर नको. न वापरलेल्या भोकाला धातूचा सर्टिफाइड स्टॉपिंग प्लग. बॉक्ससोबत येणारं लाल-पिवळं प्लॅस्टिकचं बूच फक्त वाहतुकीसाठी असतं. साइटवर ड्रिल मारून नवं भोक पाडलं असेल तर तिथेच थांबा, त्या बॉक्सचं सर्टिफिकेट संपलं.

एक मत सांगतो. जंक्शन बॉक्स, जिथे आत फक्त टर्मिनल असतात आणि काहीच उघड-बंद होत नाही, तिथे एफएलपीपेक्षा ‘इन्क्रीज्ड सेफ्टी’, म्हणजे ‘एक्स ई’ प्रकारचा जीआरपी (फायबरग्लासचा) बॉक्स मी पसंत करतो. झोन १ मध्ये तो चालतो, गॅस्केट असल्यामुळे पाणी थांबतं आणि खाऱ्या हवेत गंजत नाही. त्याची शिस्त वेगळी आहे: ठिणगी पडूच नये यावर सगळं उभं असल्याने टर्मिनल सर्टिफिकेटमध्ये आहेत तेवढीच, स्क्रू ठरलेल्या टॉर्कने आवळलेले आणि वायरचा एकही तार बाहेर लोंबकळलेला नाही. आपल्याकडे सवयीने सगळीकडे ओतीव एफएलपी बॉक्स टाकतात, आणि मग पावसाळ्यात सिलिकॉनची ट्यूब निघते.

टेंपरेचर क्लास तुमच्या सॉल्व्हंटना फारसा आड येणार नाही. टोल्युइन आपोआप पेटायला ४८० अंशांच्या आसपास लागतं, आणि टी-४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या आत. पण उद्या हेक्झेन आलं तर ते २२५ अंशांच्या आसपास पेटतं, डायइथाइल इथर २०० च्याही खाली, आणि कार्बन डायसल्फाइड ९० च्या आसपास. म्हणून नवीन कच्चा माल आला की स्टोअरने इलेक्ट्रिकलला कळवायचं, हा नियम लिहून घ्या. दुसरं असं की नेमप्लेटवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर आजूबाजूचं तापमान कमाल ४० अंश धरलेलं असतं. पत्र्याच्या छताखाली एप्रिल-मेमध्ये हा आकडा ओलांडतो. छताजवळच्या दिव्यांसाठी ५५ अंशांपर्यंतचं सर्टिफिकेट असलेलं मॉडेल घ्या. दिव्याच्या जुन्या वेलग्लास (काचेच्या घुमटाच्या) फिटिंगमध्ये बाजारातला एलईडी ड्रायव्हर कोंबणं बंद करा. ते फिटिंग त्या ड्रायव्हरसह तपासलेलं नसतं. हेच व्हीएफडीला, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हला, लागू: एफएलपी मोटर व्हीएफडीवर चालवायची असेल तर सर्टिफिकेटमध्ये तसं लिहिलेलं हवं आणि वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) हवा, कारण कमी वेगात पंखा कमी हवा देतो आणि मोटर तापते.

केबल ट्रेंच विसरू नका. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड आहे. ती जमिनीलगत सरकते, ट्रेंचमध्ये उतरते आणि थेट तुमच्या ‘सुरक्षित’ पॅनल रूममध्ये निघते, जिथे कॉन्टॅक्टर दिवसभर ठिणग्या टाकत असतात. ट्रेंच वाळूने भरा, भिंतीतून केबल जाते तिथे सील करा. पावसाळ्यात पाणी वाळू घेऊन जातं, तेव्हा गणपतीच्या सुमारास वाळू पुन्हा तपासा. एक्झॉस्टही याच कारणाने खालून हवा ओढणारा हवा, भिंतीत वर लावलेला पंखा टोल्युइनला उपयोगाचा नाही. तुमच्या फोर्कलिफ्टच्या चार्जिंगच्या जागी मात्र उलटं: तिथे हायड्रोजन निघतो, तो छताला जाऊन साठतो.

सप्लाय कापताना न्यूट्रलही तुटला पाहिजे. लाइटच्या सर्किटला सिंगल पोल एमसीबी असेल तर फेज बंद होतो, पण दुसरीकडच्या दोषाने न्यूट्रलवर व्होल्टेज येऊ शकतं आणि टर्मिनलला हात लावताना ठिणगी पडू शकते. डबल पोल घ्या. ‘सप्लाय चालू असताना उघडू नका’ हे झाकणावर लिहिलेलं असतं, ते शब्दशः पाळायचं: बंद, कुलूप, गॅस डिटेक्टरने तपासणी, मग पाना. आणि ड्रमजवळ कधी कुणी टेबल फॅन किंवा एक्स्टेन्शन बोर्ड आणून ठेवला तर तो त्याच क्षणी बाहेर. लाखोंचं एफएलपी काम त्या एका बोर्डाने वाया जातं.

वायरिंगवाले स्थिर वीज आपली नाही म्हणून सोडून देतात. टोल्युइनची वाफ पेटायला ०.२४ मिलिज्यूल पुरतात. दाराच्या कडीला हात लावल्यावर बसणारा चटका त्याच्या कितीतरी पट असू शकतो. टोल्युइन स्वतः वीज वाहून नेत नाही, त्यामुळे पाइपमधून वाहताना चार्ज साठतो. ड्रमला आणि पंपाला क्लिप लावून अर्थ, भरताना पाइप तळापर्यंत, सुरुवातीचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत. क्लिप रंगावर नको, घासलेल्या धातूवर लावा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी यावर जास्त लक्ष ठेवा.

कागदांचं बघू. पेट्रोलियम नियम २००२ खाली येणाऱ्या जागेत वापरायच्या उपकरणाला पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मान्यता लागते. सर्टिफिकेटची झेरॉक्स घेऊन नेमप्लेटशी ताडून पाहा: उत्पादक, मॉडेल, गॅस ग्रुप, टेंपरेचर क्लास. दुसऱ्याच मॉडेलची झेरॉक्स फाइलला लावलेली मी बऱ्याच वेळा पाहिली आहे. नंबरच्या शेवटी ‘एक्स’ असेल तर त्या उपकरणाला खास अटी आहेत, त्या सर्टिफिकेटमध्येच वाचा. ‘यू’ असेल तर ते फक्त सुटा भाग आहे, एकटा लावायचा नाही. लाइन चालू करण्याआधी प्रत्येक बॉक्स उघडून सविस्तर तपासणी, प्रत्येकाला टॅग नंबर आणि रजिस्टरमध्ये नोंद. त्यानंतरच्या तपासण्यांमध्ये जास्तीत जास्त तीन वर्षांचं अंतर चालतं. आपल्या हवेत मी दर वर्षी पावसाळ्यानंतर एकदा करायला सांगेन. डोंबिवलीच्या कारखान्यांत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला जे स्फोट झाले ते आपल्या पट्ट्यात सगळ्यांनी पाहिलं. त्याचा संबंध मी वायरिंगशी जोडत नाही. पण प्लॉटला प्लॉट लागून असलेल्या वसाहतीत एका भिंतीआडचा स्फोट त्या भिंतीआड राहत नाही, हे मालकांसमोर ठेवा.

राहिला जुन्या फिटिंगचा प्रश्न. सरसकट नाही म्हणू नका आणि सरसकट होही नको. प्रत्येक फिटिंग टेबलावर घ्या. नेमप्लेट वाचता येत नसेल किंवा रंगाखाली गेली असेल तर बाद. सर्टिफिकेट सापडत नसेल तर बाद. फेसला खड्डा, खाच किंवा कानशीची खूण असेल तर बाद. जास्तीचं भोक असेल तर बाद. काच उत्पादकाची मूळ नसेल किंवा बाहेरून सिमेंटने चिकटवलेली असेल तर बाद. उरलेल्यांचे बोल्ट सगळे नवे, मूळ ग्रेडचे; ग्लँड नवेच, कारण जुन्या ग्लँडची रिंग एका केबलवर दबून तिचा आकार घेऊन बसलेली असते; आणि गॅस ग्रुप नव्या जागेच्या ड्रॉइंगशी जुळला पाहिजे. एवढ्यातून जे पार पडेल ते लावा. बाद झालेल्या बॉक्सचे आटे खराब करून मगच भंगारात द्या, नाहीतर रंग मारून ते पुन्हा बाजारात येतात. आणि कंत्राटदाराचं शेवटचं बिल, एकेका ग्लँडच्या तपासणीची तुमची शीट पूर्ण झाल्याशिवाय पास करू नका, हे आजच वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या.